माझ्यापुरता वारा

कागदोपत्री मी वैमानिक आहे. ‘रिमोट पायलट’ असं प्रमाणपत्र माझ्या नावानं निघालंय. त्यात यंत्राचा प्रकार लिहिलाय रोटरक्राफ्ट, म्हणजे हेलिकॉप्टरच्या भावकीतला, आणि वजनाचा गट ‘स्मॉल’, म्हणजे २ ते २५ किलो. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे वय १८ ते ६५ च्या दरम्यान असलं, दहावी पास असलं आणि मान्यताप्राप्त संस्थेत शिकून परीक्षा दिली की हे प्रमाणपत्र मिळतं. ते दहा वर्षं चालतं. माझं माहेर दौंड तालुक्यातल्या राहू बेटातलं, सासर शिरूर तालुक्यात न्हावऱ्याच्या अंगाला. दोन्हीकडं ऊसच ऊस. विमान म्हणाल तर बारामतीच्या बाजूची शिकाऊ विमानं खुरपता खुरपता मान वर करून बघितलेली, तेवढीच. माझ्या हातात रिमोट देऊन कुणी ‘उडवा ताई’ म्हणेल हे मलाच काय, माझ्या सासूबाईंनाही खरं वाटत नव्हतं. त्यांना अजून वाटत नाही.

केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली. देशभरातल्या १५,००० महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचे, किमतीच्या ८० टक्के आणि जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत करायची, आणि गटातल्या एका बाईला १५ दिवसांचं प्रशिक्षण द्यायचं: ५ दिवस उडवायचं, १० दिवस शेतीतल्या वापराचं. सोबतीला एक ‘ड्रोन सहायक’, तो घरातला कुणी चालतो. आमच्या गटातून माझं नाव पुढं आलं, कारण मला स्कूटी चालवता येते आणि गटाचा हिशेब मीच लिहिते. सहायक म्हणून माझा पुतण्या. त्यानं आयटीआय केलंय आणि घरातला मिक्सर उघडला तर तो परत बंदही करता येतो त्याला.

ड्रोन कशाला, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. पाठीवरच्या पंपानं एकर मारायला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं आणि अर्धा दिवस जातो. ड्रोनला दहा लिटरची टाकी आणि सात-आठ मिनिटं. आणि आठ-दहा महिन्यांच्या उसात पंप घेऊन शिरणारा माणूस आता मिळतच नाही. ऊस डोक्याच्या वर, पाचटानं अंग सोलवटून निघतं, आत वारा नाही. तांबेरा दिसला की बांधावर उभं राहून नुसतं बघत बसायचं, एवढंच हातात असायचं. तिथं वरून फवारणारं यंत्र आलं म्हटल्यावर लोकांनी आमच्या घरी फोन लावायला सुरुवात केली, तेव्हा माझं प्रशिक्षणही संपलं नव्हतं.

प्रशिक्षणात पहिला घोळ झाला तो डाव्या-उजव्याचा. ड्रोनचं तोंड आपल्यापासून लांब असतं तोवर सगळं सोपं. उजवी काडी डावीकडं ढकलली की ड्रोन डावीकडं जातो. सरांनी त्याचं तोंड आमच्याकडं वळवून जागेवर धरायला सांगितलं, तिथं वर्गाची वाट लागली. आता डावीकडं ढकललं की तो उजवीकडं पळतो. डोक्याला कळतं, बोटांना कळत नाही. बोटं घाबरून आणखी जोरात ढकलतात आणि ड्रोन आणखी लांब जातो. सिम्युलेटरवर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर, आम्ही सगळ्यांनी मिळून किती ड्रोन झाडांत घातले असतील त्याची गणती नाही.

दुसरा घोळ वजनाचा. रिकाम्या टाकीचा ड्रोन आणि भरल्या टाकीचा ड्रोन ही दोन वेगळी यंत्रं आहेत. भरलेला सावकाश वळतो, आणि थांब म्हटलं तरी थोडा पुढं जाऊन थांबतो. त्यातून फवारणी चालू असताना टाकी दर मिनिटाला हलकी होत जाते, म्हणजे उड्डाण सुरू केलं ते यंत्र वेगळं आणि उतरवायचं ते वेगळं. तिसरा घोळ होकायंत्राचा. नवीन जागी गेलं की ड्रोनला दिशा समजावून द्यावी लागते, त्यासाठी तो दोन्ही हातांत आडवा धरून स्वतःभोवती गोल फिरायचं, मग उभा धरून परत फिरायचं. आम्ही साड्या खोचून मैदानावर फिरायला लागलो तेव्हा मंगळागौर चालल्यासारखंच दिसत होतं. सर मात्र हसले नाहीत. होकायंत्र चुकलेला ड्रोन सरळ जा म्हटलं की तिरका जातो, आणि तिरका कुठं जाईल ते सांगता येत नाही, एवढंच म्हणाले.

हे सर सैन्याच्या हेलिकॉप्टरवरून निवृत्त झालेले. नाशिकला गांधीनगरमध्ये सैन्याची हेलिकॉप्टर शिकवायची शाळा आहे, तिथल्या शिस्तीत ते मुरलेले. मी एके दिवशी हात वर करून विचारलं, “सर, वारा किती असला की उडवायचं नाही?” मला वाटलं, एक आकडा सांगतील, वहीत लिहून घेईन, विषय संपला. त्यांनी उलट विचारलं, “यंत्राला किती चालतो ते विचारताय, का तुम्हाला किती चालतो ते?”

मला प्रश्नच कळला नाही. यंत्र उडणार ते वाऱ्यात, मी जमिनीवर उभी. माझा वाऱ्याशी काय संबंध?

मग त्यांनी रॉबिन्सन आर-२२ ची गोष्ट सांगितली. हे दोन माणसांचं छोटं अमेरिकन हेलिकॉप्टर, जगभर शिकाऊ पोरं याच्यावर शिकतात. त्याचे अपघात फार व्हायला लागले तेव्हा १९९५ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं एक बंधन घातलं. जमिनीवरचा वारा २५ नॉटच्या वर, म्हणजे ताशी साधारण ४६ किलोमीटरच्या वर असेल, किंवा वाऱ्याच्या झोतांमध्ये १५ नॉटच्या वर फरक असेल, तर नवख्या वैमानिकानं ते उडवायचं नाही. नवखा कोण? ज्याचे हेलिकॉप्टरचे २०० तास आणि त्यातले आर-२२ वरचे ५० तास झाले नाहीत, किंवा ज्यानं ठरावीक जादा प्रशिक्षण घेतलं नाही, तो. हेलिकॉप्टर तेच, वारा तोच. चालवणारा बदलला की बंधन बदलतं.

“ही झाली सरकारनं घातलेली मर्यादा,” सर म्हणाले. “पण वैमानिक तिच्या आत स्वतःची घालून घेतो. शिकाऊ असतानाच घालतो. कागदावर लिहितो. उद्या येताना प्रत्येकीनं आपापली लिहून आणा.”

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्यांनी आणलेलं जवळपास सारखंच होतं. ‘वारा जास्त असल्यास उडवू नये. तब्येत बरी नसल्यास उडवू नये. गर्दी असल्यास उडवू नये.’ सरांनी लाल पेनानं सगळ्यांचं खोडलं. जास्त म्हणजे किती? बरी नाही हे ठरवणार कोण? किती माणसं म्हणजे गर्दी? “बांधावर उभं राहून ज्याच्यावर वाद घालता येतो ती मर्यादा नव्हे,” म्हणाले. “आकडा लिहा, नाहीतर हो-नाही असं उत्तर देता येईल असं वाक्य लिहा.”

त्या रात्री मी आणि पुतण्या स्वयंपाकघरात वही घेऊन बसलो. गोंधळ वाढतच गेला, कारण कायदा बघावा तर तो आमच्या कामाच्या मानानं फारच ऐसपैस. नकाशावर हिरव्या दाखवलेल्या भागात ४०० फुटांपर्यंत उडवता येतं. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फूट. मी उडवणार उसाच्या शेंड्यावर दोन-तीन मीटर. मला चारशे फुटांचं काय करायचं? माझा धोका वर नव्हताच. तो खाली होता, आडवा होता, आणि बराचसा दोन पायांवर उभा होता.

पहिली ओळ वाऱ्याची. ड्रोनच्या संचात वारा मोजायचं हातातलं छोटं यंत्र येतं, वर एक चक्र आणि खाली आकडे. मी लिहिलं: सेकंदाला ३ मीटर, म्हणजे ताशी साधारण ११ किलोमीटर, त्याच्या वर नाही. ड्रोन त्याहून जास्त वारा सोसतो, पण फवाऱ्याचे थेंब सोसत नाहीत आणि माझी बोटंही नाहीत. एवढं लिहून मी खूश झाले. पुतण्या म्हणाला, “काकू, मोजायचा कुठं?” तो प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. बांधावर आपण उभे असतो ते उसाच्या आडोशाला. तिथं यंत्र दीड मीटर दाखवतं आणि शेंड्यावर पानं सळसळत असतात. ड्रोन उडणार शेंड्यावर. तेव्हापासून आम्ही ट्रॉलीवर नाहीतर विहिरीच्या कठड्याशेजारच्या उंचवट्यावर चढून, हात वर करून मोजतो. दोन मिनिटं चक्राकडं बघायचं आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा धरायचा, सरासरी नाही. ड्रोनला पाडायला सरासरी वारा लागत नाही, एक झोत पुरतो.

दुसरी ओळ अंतराची. ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवायचा हा नियम आहेच. पण नजरेच्या टप्प्यात म्हणजे ठिपका दिसतो तोवर का? लांबवर गेलेल्या ड्रोनचं तोंड कुठं आणि पाठ कुठं हे मला कळेनासं होतं, आणि ते कळेनासं झालं की डाव्या-उजव्याचा जुना घोळ परत हजर. मी लिहिलं: पुढचे-मागचे दिवे वेगळे ओळखू येतात तिथपर्यंतच. पट्टी त्याहून लांब असेल तर मधल्या बांधावर जाऊन दोन भागांत मारायची. वेळ जास्त लागतो. लागू दे.

तिसरी तारांची. आमच्या शिवारात विजेच्या तारा कुठं ताठ असतात आणि कुठं उसाला टेकायच्या बेतात असतात. बॅटरी उतरली किंवा रिमोटचा संपर्क तुटला की ड्रोन आपोआप ठरवलेल्या उंचीवर चढतो आणि उडाला त्या जागी सरळ रेषेत परत येतो. ही सोय फार चांगली, पण त्या सरळ रेषेत तार किंवा निलगिरी असली तर तो बिचारा तिथंच जाणार. म्हणून आधी शेताला पायी चक्कर मारायची, तारा आणि झाडं बघायची, परतीची उंची त्यांच्याहून जास्त ठेवायची, आणि उडायची जागा अशी निवडायची की मध्ये तार येणार नाही. तशी जागाच नसेल तर ते शेत आपलं नाही.

चौथी ओळ शहरातल्या वैमानिकाच्या वहीत कधीच येणार नाही. ‘उसात उतरलेला ड्रोन एकटीनं आणायला जायचं नाही. अंधारून आल्यावर कुणीच जायचं नाही.’ शिरूरच्या बेट भागात बिबट्या ही गोष्ट राहिलेली नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले, त्यातली दोन लेकरं. लोक पुणे-नाशिक महामार्गावर येऊन बसले. ऊस बिबट्यांचं घरच झालंय, पिलं तिथंच होतात. लाखोंचं यंत्र मध्यावर पडलं की पहिली उडी आपलीच पडते, हे मला माझ्या स्वभावावरून माहीत आहे. म्हणून आधीच लिहून ठेवलं. पडला तर आधी त्याची बॅटरी तापून पेट घेते का हे लांबून बघायचं, मग माणसं गोळा करायची, आवाज करत जायचं. दिवस मावळला असेल तर सकाळी.

यानं एक नवीनच पेच आला. दुपारी ऊन आणि वारा, थेंब पानावर पडायच्या आधीच वाळतात. थंडीत पहाटे भीमेच्या काठानं धुकं आणि पानांवर दव. संध्याकाळी बिबट्या. शिवाय २०२४ च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला शिरूर, दौंड, आंबेगाव, जुन्नर भागात रात्री आकाशात ड्रोन दिसतात म्हणून गावंच्या गावं जागी होती, चोरांची भीती होती, तरुण पोरं गस्त घालत होती. अंधार पडताना मी ड्रोन वर काढला तर लोक काठ्याच घेऊन येतील. सगळं वजा केल्यावर सकाळचे दोन-अडीच तास आणि दुपारनंतर उतरत्या उन्हातला थोडा वेळ उरतो. आधी वाटलं, एवढ्यात काय धंदा होणार? मग कळलं, उरतो तेवढाच वेळ आपला आहे, त्यात जास्त गिऱ्हाइकं कोंबायची नाहीत.

शरीराच्या ओळीला सर्वांत जास्त वेळ गेला. हेलिकॉप्टरवाल्यांची एक यादी असते, उडायच्या आधी स्वतःला विचारायची: आजार, औषध, ताण, दारू, थकवा, भूक आणि मनःस्थिती. दारूवर वर्गात हशा झाला. भुकेवर कुणी हसलं नाही. आम्ही बायका उपवास किती करतो! नवरात्रात नऊ दिवस, शिवाय एकादशी, चतुर्थी, सोमवार. उपाशी पोटी दुपारी हात थरथरतो हे प्रत्येकीला माहीत होतं, पण ते वैमानिकाच्या वहीत लिहायची गोष्ट आहे हे कुणाला सुचलं नव्हतं. मी लिहिलं: उपवासाच्या दिवशी सकाळचंच काम, दहानंतर नाही. आणि घरात भांडण झालं असेल तर त्या दिवशी नाही. त्यावर आमच्या ह्यांनी विचारलं, “मग महिन्यातनं किती दिवस उडवणार?”

रसायनाची ओळ छोटी. तणनाशक ड्रोननं मारायचं नाही, निदान आत्ता नाही. उसातलं रुंद पानाचं तण मारायला टू-फोर-डी वापरतात. त्याचा वाऱ्यावर गेलेला अंश शेजारच्या द्राक्षाला, टोमॅटोला, वांग्याला लागला तर पीक आखडून जातं आणि भावकी त्याहून जास्त. फवारताना मी वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभी राहणार, तोंडाला मास्क, हातात मोजे. बॅटरी फुगलेली दिसली तर ती बाजूला, कितीही घाई असो, आणि तापलेली बॅटरी गार झाल्याशिवाय चार्जिंगला नाही.

शेवटची ओळ पुतण्यानं लिहायला लावली. ‘दोघांपैकी एकानं जरी नको म्हटलं तरी नको. कारण विचारायचं ते घरी गेल्यावर.’ मला आधी हे पटलं नाही. प्रमाणपत्र माझं, जबाबदारी माझी आणि हा काल मिसरूड फुटलेला पोरगा मला थांबवणार? पण ड्रोनवर नजर खिळली की मला बाजूचं काही दिसत नाही. बांधावरून येणारं लेकरू, मागं सोडलेलं कुत्रं, वळून आलेला वारा हे सगळं त्याला दिसतं. ते वाक्य राहू दिलं.

सरांनी वही बघितली, दोन ठिकाणी आकडे आणखी कडक केले आणि म्हणाले, “आता हे गावात चालतं का बघा.”

आषाढ लागला होता. न्हावरा-चौफुला रस्त्याच्या कडेचं एक शेत, तीन एकर ऊस, तांबेऱ्यानं पानं तांबूस. शेताचे मालक आमच्या नात्यातले, सगळे त्यांना तात्या म्हणतात. मी पोचले तेव्हा औषध कालवून तयार, बांधावर पाच-सहा माणसं खुर्च्या टाकून बसलेली, मोबाईल व्हिडिओसाठी उभे. मी ट्रॉलीवर चढून यंत्र वर धरलं. साडेतीन. चार पूर्णांक दोन. साडेतीन. पाच पूर्णांक एक. आकडे लाल रंगात नव्हते, घंटा वाजत नव्हती. ऊन छान होतं, वाराही अंगाला बरा लागत होता.

“तात्या, आज नाही जमायचं. वारा जास्ती आहे.”

“अगं सूनबाई, हा काय वारा झाला? आम्ही भर आखाडात पंपानं मारलंय.”

“पंपाचं वेगळं असतं, तात्या.”

“यंत्राला काय होत नाही म्हणून कंपनीचा माणूस सांगत होता. तूच भ्यायलीस.”

भ्यायले होतेच. पण वाऱ्याला नाही. पदर खांद्यावर घेऊन सासऱ्याच्या वयाच्या माणसाला चारचौघांत ‘नाही’ म्हणायचं, हे मला कुणी कधी शिकवलेलं नव्हतं. कुठल्याही प्रशिक्षणात हा धडा नाही. त्या क्षणी मला विचार करायला लागला असता तर मी उडवलाच असता. औषध वाया जाईल, नातं आहे, साडेतीन म्हणजे तीनच की, एक एकर मारून बघू, अशी एकापाठोपाठ एक कारणं हजर होती आणि सगळी खरी होती. विचार करावा लागला नाही, कारण तो स्वयंपाकघरात आधीच झाला होता. मी वही काढून तात्यांना दाखवली. त्यांनी ती वाचली नाही, पण कागदावर काहीतरी लिहिलंय म्हटल्यावर माणूस थोडा मऊ पडतो. पेटी उचलून आम्ही निघालो.

दुपारी तात्यांनी भाड्यानं ड्रोन चालवणारा दुसरा माणूस बोलावला. त्यानं त्याच वाऱ्यात तिन्ही एकर मारले. काहीही झालं नाही. ड्रोन पडला नाही, तारेला लागला नाही, कुणाचं नुकसान नाही. संध्याकाळी गावात चर्चा, बाईला भ्या वाटलं, गडी आला आणि मारून गेला. एकराला पाचशे धरले तरी आमच्या गटाचे दीड हजार गेले ते वेगळंच.

मी पार गोंधळून गेले. जे घडेल म्हणून थांबले ते घडलंच नाही, मग माझी मर्यादा खोटी ठरली का? बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात होता. उत्तर आर-२२ च्या गोष्टीतच होतं, मला उशिरा सापडलं. त्या गड्याचे हात माझ्या हातांपेक्षा कितीतरी मुरलेले. त्याला जो वारा चालला तो मला चालला असता असं त्यावरून ठरत नाही. आणि एक दिवस निभावलं म्हणून त्यालाही तो रोज चालेल असं नाही. २ ऑक्टोबर २०२४ च्या सकाळी पुण्याजवळ बावधनला हेलिकॉप्टर उडाल्यावर थोड्याच वेळात कोसळलं आणि आतले तिघंही गेले, दोन वैमानिक आणि एक अभियंता. त्या सकाळी त्या भागात धुकं होतं. अनुभवी माणसांच्या बाबतीतही हे होतं, तर काल शिकलेल्या बाईनं ‘काही होत नाही’ यावर विसंबावं का? मर्यादा बरोबर होती की नाही हे त्या दिवशी काय घडलं त्यावरून ठरवता येत नाही. ती आपल्या हाताला धरून आहे का, एवढंच बघायचं.

पैशाचा प्रश्न मात्र खरा होता आणि तो माझ्या एकटीनं सुटणारा नव्हता. मी तो गटाच्या बैठकीत मांडला. वादावादी झाली, होणारच, ड्रोनचा हप्ता सगळ्यांच्या डोक्यावर आहे. शेवटी इतिवृत्ताच्या वहीत दोन ठराव लिहिले गेले. एक, ड्रोन उडवणारी जागेवर जाऊन नाही म्हणाली तर तिला गटात जाब विचारायचा नाही, आणि असे दिवस महिन्याच्या हिशेबात आधीच धरायचे. दोन, कुणाकडूनही विसार घ्यायचा नाही. घेतलेला पैसा वाऱ्याकडं बघू देत नाही. हे ठराव झाल्यापासून बांधावर ‘नाही’ म्हणताना मी एकटी नसते. “आमच्या गटाचा नियम आहे” असं म्हणता येतं, आणि सूनबाईचं न ऐकणारी माणसंही गटाचं ऐकतात.

मर्यादा कायमच्या नसतात हेही सरांनी सांगितलं होतं. एका वेळी एकच ओळ सैल करायची, तीही सकाळच्या शांत वेळी, ओळखीच्या शेतात, रिकाम्या टाकीनं सराव करून, आणि घरी बसून ठरवून. बांधावर उभं राहून कधीच नाही. मी अंतराची ओळ थोडी वाढवली आहे, कारण तोंड माझ्याकडं असलेला ड्रोन आता बोटांना कळायला लागलाय. वाऱ्याची अजून तिथंच आहे. तारांची, उसात शिरायची आणि पुतण्याच्या ‘नको’ची ओळ मी कधी सैल करणार नाही.

नव्यानं ड्रोन हातात घेणाऱ्या बहिणींना माझं एवढंच सांगणं आहे. पहिलं गिऱ्हाईक घ्यायच्या आधी वही लिहा, आकड्यांत लिहा, आणि गटाचा ठराव करून घ्या. शेतकरी बंधूंना विनंती आहे की शेताजवळच्या तारांची माहिती ड्रोन यायच्या आधी फोनवर द्या, शेजाऱ्याला फवारणीची कल्पना द्या, औषध वारा मोजून झाल्यावरच कालवा. वारा मोजून कुणी परत निघाली तर तिला अडवू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी सातची वेळ द्या. आणि पैसे फवारणी झाल्यावरच द्या.